गाऱ्हाण्यातलं जर्मन

भागोजीकाकाला तोंड आवरत नाही, हे मांडवीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी मुलाखतीच्या दिवशी पुतणीने, अक्षयाने, त्याला बाहेर ओटीवर बसू दिलं. आता काय म्हणावं या पोरीला!

अक्षया नर्स. जर्मनीतल्या इस्पितळात नोकरी हवी तर तिथल्या मोठ्या नर्सबाईशी मोबाइलवर, समोरासमोर दिसत, जर्मनमध्ये बोलायचं होतं. एकदा नकार पचवला होता. आता चुकलं की संपलं.

काका पूर्वी डच जहाजावर खलाशी होता. "डच नि जर्मन सख्खे शेजारी गो! शब्दाला शेपूट लावलं की झालं नाम. डचांचं 'इंग', यांचं 'उंग'." पण 'हाइट', 'काइट', 'उंग' ही शेपटं काही केल्या अक्षयाच्या डोक्यात बसेनात. मग काकानेच युक्ती काढली. देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो तसा तिने एकेक शब्द म्हणायचा आणि शेपूट बरोबर लागलं की काकाने गावकऱ्यांसारखं ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" महिनाभर घर दुमदुमत होतं.

मुलाखतीत बाईंनी विचारलं, चांगल्या नर्सच्या अंगी काय हवं? अक्षयाने पाठ केलेलं धडाधड सुरू केलं. "प्युंक्टलिशकाइट, झाउबरकाइट..." म्हणजे वक्तशीरपणा, स्वच्छता.

"व्हय म्हाराजा!" ओटीवरून काका गरजला. सवयीचा गुलाम मेला!

झालं. बाईंचा आवाज चढला. कोण आहे तिथे? तुला उत्तरं सांगतंय कोण? काकाला निम्मंच कळलं, पण बाई भडकलीय हे पुरतं कळलं. पोरीच्या अन्नात आपणच माती कालवली!

अक्षयाने त्याला हाताला धरून आत आणलं, मोबाइलपुढे उभं केलं आणि ती बोलत सुटली. अडखळत, चुकत, हातवारे करत. पाठ केलेलं त्यात काही नव्हतं. देऊळ, गुरव, जहाज, सगळं सांगितलं. मध्येच बाईंनी काहीतरी विचारलं आणि उत्तर देताना तिचे डोळे भरले. सगळं ऐकून शेवटी बाई खदखदून हसली.

फोन बंद झाला तशी अक्षया काकाकडे वळली. "घेतलं रे मला, काका! म्हणाली, इतका वेळ पोपटपंची चालली होती, आत्ता कुठे बोललीस."

काकाचा जीव भांड्यात पडला. "मग रडलीस कशाला गो?"

"तिने विचारलं, हा माणूस तुझा कोण? मी सांगितलं, बाबा गेले तेव्हा माझ्यासाठी जहाज सोडून घरी आला तो."

"हॅट्! गुडघे दुखायचे म्हणून सोडलं मी."

"खोटारडा," अक्षया म्हणाली आणि हसत त्याला बिलगली. काका मात्र ढसाढसा रडला.