दहाचा पाना

शर्यतीच्या मैदानात ताईच्या हातात दहाचा पाना होता आणि नजर सारखी मागे. आता स्वतःच्या भावाच्या गाडीचं बॉनेट उघडायला कुणाची चोरी? गॅरेज तिचं, गाडीतला बोल्ट न बोल्ट तिने आवळलेला. पण बारक्या पाण्याच्या बाटल्या आणायला गेला होता, आणि तो परत यायच्या आत बॉनेट बंद व्हायला हवं होतं. म्हणजे चोरीच की हो!

बारक्या तिचा धाकटा भाऊ. नाव बारक्या आणि अंगाने चांगला दरवाजाएवढा. आई गेल्यापासून ताईनेच त्याला वाढवलं, गॅरेजमध्ये हाताशी धरलं, आणि पुढे त्याला शर्यतीचा नाद लागला तेव्हा शिव्या देत देत त्याची जुनी गाडीही तिनेच बांधून दिली. शर्यत म्हणजे सरळसोट रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं. पण बारक्याच्या गटाचा नियम भलताच होता. आपली गाडी किती सेकंदांत पोचेल तो आकडा आधीच काचेवर लिहायचा. दोघांच्या आकड्यांत जेवढा फरक, तेवढा वेळ हळू गाडीला आधी सोडतात. आणि लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद! पहिले आलात तरी बाद. वेगाला इथे कोण विचारतो? गाडी हवी इमानी, दर खेपेला तेच करणारी.

बारक्याची गाडी तशीच होती. सकाळच्या सरावात सगळ्या फेऱ्या एका मापाच्या. त्याने ऐटीत काचेवर आकडा लिहिला, तेव्हा दोरीपलीकडे उभ्या उस्तादांनी मान डोलावली. उस्ताद म्हणजे लांबच्या शहरातल्या मोठ्या रेसिंग वर्कशॉपचे मालक. "या शर्यतीत शेवटच्या चौघांत आलास तर माझ्याकडे कामाला ये," असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून बारक्याचे पाय जमिनीवर नव्हते. ताई चारचौघांत हसून म्हणायची, "जाईल बापडा, नाव काढील." आणि घरी दोन ताटं घेताना एकावर हात ठेवून उभी राहायची.

मनाला तिने कारणं ढीगभर दिली. गॅरेज एकटीला झेपणार नाही, शहरात पोरगं बिघडेल, हा उस्ताद माणूस कसा कुणास ठाऊक. सगळी झूट! तिला तो जायला नको होता, बस्स.

तिने बॅटरीची वायर सोडवली आणि हेडलाइटचं बटण चालू केलं, उरलीसुरली वीजही निघून जावी म्हणून. इंजिनचा कॉम्प्युटर हे मोठं हुशार बेणं. पेट्रोल कसलं मिळतंय, इंजिन कुठे ठोकतंय, ठिणगी किती उशिरा टाकायची, हे सगळं तो चालता चालता शिकतो आणि ध्यानात ठेवतो. या जुन्या गाड्यांची वीज तोडली की शिकलेलं सगळं विसरतो, पाटी कोरी. मग पुन्हा शिकेपर्यंत गाडी कधी रडतखडत चालेल, कधी उधळेल, काही भरवसा नाही. हे ताईला पक्कं ठाऊक होतं आणि त्यासाठीच तिने पाना उचलला होता. दिव्याचं बटण बंद केलं, वायर पुन्हा आवळली, डॅशबोर्डवरचं घड्याळ लावलं, बॉनेट बंद केलं. तेवढ्यात बारक्या आलाच.

"आधी तू पी, ताई," त्याने बाटली उघडून तिच्या हातात दिली. "सकाळपासून उन्हात उभी आहेस."

तिने बाटली तशीच बॉनेटवर ठेवली.

गाडी चालू केल्यावर बारक्याने कान टवकारले. "इंजिन जरा हिंदकळतंय का गं?"

"ऊन किती आहे बघ. जा तू," ताई म्हणाली. खोटं बोलताना जीभ झडत नाही म्हणतात, ते खरं आहे.

हिरवा दिवा लागला आणि गाडी जी सुटली! पेट्रोल वाईट आहे, ठिणगी आवरून टाकायची, हे कॉम्प्युटरला आता आठवतच नव्हतं. शेजारची गाडी मागे पडली. बारक्याने रेघ ओलांडली, खिडकीतून मूठ बाहेर काढली आणि लहान पोरासारखा ओरडला. आयुष्यातली सगळ्यात वेगवान फेरी मारली होती त्याने. मग फलकावर त्याच्या बाजूला लाल दिवा लागला. आकड्यापेक्षा लवकर, म्हणजे बाद! मूठ तशीच थोडा वेळ बाहेर राहिली, नंतर हळूच आत गेली. ताईला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. उस्ताद पाठ फिरवून चालायला लागले होते.

घरी येताना बारक्या सारखा स्वतःलाच कोसत होता. "मीच गाढव. स्वतःची गाडी ओळखता येत नाही मला." ताई खिडकीबाहेर बघत होती. आता सांगावं, या वळणावर सांगावं, असं करता करता गॅरेज आलं.

बारक्याने कॉम्प्युटरची नोंद वाचणारा स्कॅनर काढून गाडीला लावला.

"राहू दे रे, दमलास तू."

"कळायला तर हवं, ताई."

पडद्यावर सरळ दिसत होतं. कॉम्प्युटर स्वतःच्या ज्या तपासण्या करतो त्या सगळ्या अपुऱ्या, म्हणजे पाटी नुकतीच पुसलेली. बारक्याने बॉनेट उघडून बॅटरीची वायर हलवून पाहिली. सैल असती तर बरं झालं असतं. ती घट्ट होती, आणि बोल्टवर पान्याचा ताजा चकचकीत ओरखडा होता. त्याने ताईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. एवढ्यात फोन वाजला.

उस्तादांचा आवाज म्हणजे भोंगा. गाडीपलीकडे उभ्या ताईलाही ऐकू येत होता. "सरावात इतकी सरळ गाडी अशी का उधळली रे? गाडीत काही निघालं का? निघालं असेल तर सांग, पुन्हा बघतो मी तुला."

बारक्याने बॉनेट बंद केलं. "नाही, उस्ताद. गाडी ठीक आहे. आकडा माझाच चुकला."

त्याने फोन बाकावर ठेवला.

"का नाही सांगितलंस?" ताईने विचारलं.

"काय सांगू? आमच्या ताईने शर्यतीआधी बॅटरी सोडवली? उद्या तुझ्या दारात गाडी कोण लावेल?" तो चिंध्यांनी हात पुसत राहिला. "जाऊ नकोस म्हणाली असतीस तर गेलो नसतो गं. एकदा म्हणायचंस तरी."

तो हात धुवायला मागे गेला. त्याने कानाखाली वाजवली असती तरी तिला बरं वाटलं असतं. तिने फोन उचलला आणि शेवटचा नंबर लावला.

"उस्ताद, मी त्याची बहीण. आकडा त्याचा बरोबर होता. बॅटरीची वायर मी सोडवली होती. मुद्दाम."

"सख्ख्या भावाची?"

"हो."

"सोमवारी पाठवा त्याला. गाडी तिथेच ठेवा. तुमचा हात लागलेली गाडी माझ्या वर्कशॉपमध्ये नको."

फोन ठेवला तेव्हा बारक्या ओल्या हातांनी दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"जाऊ नकोस, असं वाटतंय मला," ताई म्हणाली. "आत्ता सांगते. पण तू जा."