पिवळी पाहुणी

अवं नलू, तुह्या पोलक्याची बाही वाकडी काऊन झाली ते सांगते, पण पुरं ऐकजो! तुम्हीबी ऐका वं.

आमची जयवंता मामी, आष्टीत पोलके शिवते ना, तिचे बोटं पार सुजले. सकाळी उठली का मूठच वळे ना. कैची धरवे ना, अन् समोर लग्नसराई. म्हणे, "वात हाय, जाईन." दोन वर्सं झाले, गेला नाई. मंग मीच तिले वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर पुण्याकडचा, नवाच. बोटं दाबून पाहिले. म्हणे, "हा संधिवात. नवी गोळी देतो, पण ती लिव्हरवर भारी असते. आजी, कावीळ झाली होती का कधी?"

"आजी कोणाले म्हणतो रे? नाई झाली."

मी पाहूनच राह्यली! अठ्ठ्याहत्तर साली दोन महिने हळदीवानी पिवळी होती मामी. झाडपाला देणाऱ्या हरिदासबुवानं डोक्यावर मुळ्यांची माळ ठेवली, ती वाढत वाढत पायापर्यंत उतरली, मंग नदीत सोडली. बुवानं बजावलं, आता ह्या बिमारीचं नाव घ्यायचं नाई, घेतलं का परत येते. तवापासून सहा वर्सं आमच्या घरी तिले पाहुणीच म्हणतात.

डॉक्टर तर चिठ्ठी लिहून राह्यला! मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हिच्याकडे पाहुणी आलती."

"कोण पाहुणी?"

"पिवळी पाहुणी. दोन महिने मुक्कामाले."

मामीनं असा चिमटा काढला का बस! डॉक्टर पुण्याचा, त्याले काय समजते! पण गुलाब सिस्टर वर्ध्याची, तिले हसूच आलं. "सर, कावीळ म्हणून राह्यली पोट्टी."

डॉक्टरनं चिठ्ठी फाडली, रक्त घ्यायले लावलं. दहा दिवसांनी परत गेलतो, तर पाहुणीचा जंतू अजून रक्तात बसून. डॉक्टर म्हणे, "पाहुणी गेलीच नाही, बाई. ती गोळी दिली असती तर जिवावर बेतलं असतं." मंग दुसरी हलकी गोळी, कोमट पाण्यात हात बुडवणं, अन् दर महिन्याले रक्त.

मामीनं एकच इचारलं, "कैची धरता येईन?"

"दुखणं कमी होईल. कैचीचं आज सांगता येत नाही."

येतानी बसमध्ये मामीनं आर्वीपर्यंत हात पदराखाली झाकून ठेवले. मंग म्हणे, "तू बोलली, म्हणून आली परत."

"मामी, मी तर पाहुणीच म्हटलं! नाव सिस्टरनं घेतलं."

"सुरू कोणं केलं?"

घरी आल्याबरोबर कैची माह्या हातात दिली. "पाहुणी तूच आणली ना? मंग तूच काप."

तवापासून मी कापून राह्यली. मामी बाजूले कोमट पाण्यात हात घालून बसते अन् वरडते, "डावीकडे, डावीकडे!" नलू, तुह्यी बाही मी कापलेली चौथी होती. कापड उरलं असन तर घेऊन येजो, नवी कापून देईन. मामीनं इचारलं, तर बाही बरी बसली म्हणजो.