तानुबाईच्या गडव्यातला पाऊस

मित्रांनो, आधीच सांगतो, मला डबा म्हणायचं नाही! मी एक जुना पर्जन्यमापक आहे. वर नरसाळं, पोटात बाटली, बस्स, एवढाच माझा संसार. जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका शाळेच्या अंगणात तारेचं कुंपण घालून मला बसवलं.

नीळकंठ गुरुजी रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतत आणि आकडा तालुक्याला कळवत. मुलांना म्हणत, "हा फक्त कालचा पाऊस सांगतो. असे शेकडो गावांचे आकडे, वारा, हवेचा दाब, सगळं एका नकाशावर मांडतात. ढग कुठून कुठे सरकतायत ते त्यावरून कळतं. मग उद्याचा अंदाज बांधतात. एक आकडा चुकला, तर नकाशा चुकतो." ऐकून माझी छाती फुगायची. पण पोरंच ती! कोकिळा नावाच्या एका छोट्या मुलीनं घरी जाऊन आजीला, तानुबाईला सांगितलं, "तो डबा भरला का पाऊस येते."

बहात्तर साल होतं. विहिरी आटलेल्या. दर तिसऱ्या दिवशी टँकर येई, त्यावर गाव जगत होतं. एका रविवारी उजाडताच तानुबाई कुंपणात शिरली. हात जोडले आणि वासराच्या वाटणीचं गडवाभर, म्हणजे तांब्याभर पाणी माझ्यात ओतलं. अहो, मी ओरडणार कसा?

शनिवारी घरी गेलेले गुरुजी खामगावहून पहिल्या बसनं आले, ते थेट माझ्याकडे. वीस मिलीमीटर! पायाखाली धूळ होती, पण त्यांचा माझ्यावर भारी विश्वास. आपण नसताना रात्री पाऊस पडून गेला असेल, असं त्यांना वाटलं. शाळेला सुट्टी, विचारणार कोणाला? आकडा धाडून दिला, आणि मग कोणाला विचारायचं राहूनच गेलं.

मंगळवारी टँकर आलाच नाही. निरोप आला, तुमच्याकडे पाऊस झाला, टँकर दुसऱ्या गावाला दिला. माणसं रिकाम्या घागरी घेऊन शाळेत जमली. गुरुजींनी वही उघडून आकडा वाचला, तशी तानुबाई पुढे आली.

"गुरुजी, तो पाऊस माह्या गडव्यातला हाय."

"काय सांगता, मावशी? कशाला ओतलंत?"

"कोकिळा म्हने, भरला का पाऊस येते. वासराच्या तोंडचं काढलं न् घातलं."

कोणी हसलं नाही. गुरुजींनी वही मिटली. म्हणाले, "चूक माझी आहे. मी मातीकडे बघितलंच नाही." त्याच दुपारी तालुक्याला जाऊन त्यांनी ती कबूलही केली. टँकर शुक्रवारी आला. वासरू गुरुवारीच गेलं होतं.

पुढे गुरुजी रोज आधी वाकून जमिनीला हात लावत, मग मला उघडत. आणि तानुबाई? ती बरोबर साडेआठला कुंपणापाशी यायची आणि रिकामा गडवा पालथा करून त्यांना दाखवायची. "राहू द्या हो, मावशी," गुरुजी म्हणत. ती ऐकायची नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता मी गंजलोय. नरसाळ्यात चिमण्या काड्या आणून टाकतात, कोणी काढत नाही. मित्रांनो, एकच मागणं आहे. माझ्या पोटात पावसाशिवाय काही घालू नका. आणि चुकून घातलंच, तर त्याच दिवशी येऊन सांगा. कोणी रागावणार नाही. रविवारी ते वासरू चांगलं हिंडत-फिरत होतं हो.