काळ्या मातीतले एकवीस दिवस

मी एक डेंड्रोबियम बोलतेय. जळगावात, मेहरूणच्या एका गॅलरीत, गजाला तारेनं टांगलेली. लोक मला ऑर्किड म्हणतात, शेजारचे गिरधरनाना 'आर्किट' म्हणतात. नावाचं मला काही नाही. माझी काळजी वेगळी आहे. माझी तीनच मुळं उरलीत आणि एप्रिल लागलाय.

माझा जन्म प्रयोगशाळेतल्या काचेच्या बाटलीत झाला. वारा अंगाला लागला तो नंतर, रोपवाटिकेत. तिथे मातीचा कण नव्हता. नारळाची सालं आणि कोळशाचे तुकडे, बस. आमचे पूर्वज जंगलात झाडांच्या फांद्या धरून राहायचे. पावसानं मुळं भिजायची, वाऱ्यानं लगेच सुकायची. आमचं सगळं जगणं त्या भिजण्या-सुकण्यात आहे.

पुनमनं मला घेतलं तेव्हा मला जांभळ्या फुलांचा तुरा होता. रोपवाल्यानं तिला बजावलं, "ताई, सुकल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. आणि माती तर अजिबात नाही." तिनं ते ध्यानात ठेवलं. घरी सासूबाईंना सांगायचं मात्र राहून गेलं.

सासूबाई म्हणजे मंजुळाबाई, पारोळ्याकडच्या. चाळीस वर्षं कपाशी पिकवली, आता मुलाच्या गॅलरीत तुळस सांभाळतात. माझी मुळं कुंडीबाहेर लोंबताना पाहून त्यांचा जीव कळवळला. मुळं उघडी पडली की झाड गेलं, हे त्यांना शेतानं शिकवलेलं.

"पुनम, हाई झाड उपाशी शे," त्या म्हणाल्या. "कोयसामा कोठे झाड जगस का?"

पुनम हसली आणि कामाला गेली. तिथेच घात झाला. पुढच्याच आठवड्यात मंजुळाबाई गावी लग्नाला गेल्या आणि येताना आपल्या वावरातली काळी माती पिशवीत भरून घेऊन आल्या. एसटीत पिशवी मांडीवरच होती. पुनम घरी यायच्या आत त्यांनी मला त्या मातीत गळ्यापर्यंत दाबलं आणि तुळशीच्या ठिबकची एक नळी माझ्या बुडाशी सरकवली.

खान्देशच्या काळ्या मातीला मी नावं ठेवणार नाही. कपाशीची ती आई आहे. पण ओली झाली की ती अशी घट्ट बसते की वाऱ्याला वाट उरत नाही. माझा श्वास कोंडला. पाचव्या दिवशी पहिलं मूळ मऊ पडलं, मग एक पान पिवळं झालं. पान पिवळं दिसताच मंजुळाबाईंनी ठिबक आणखी सोडलं. काय करणार, झाडाला तोंड नसतं.

पुनमला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. तिचा हात कुंडीपर्यंत आला आणि मागे गेला. आत मंजुळाबाई गिरधरनानांना कौतुकानं सांगत होत्या, "आपला वावरनी माती घाली तेले." दुखऱ्या गुडघ्यांवर वाहून आणलेली माती! ती ओतून टाका, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? मग पुनम रोज संध्याकाळी गुपचूप ठिबक बंद करायची आणि सासूबाई रोज सकाळी ते उघडायच्या. त्या दोघींच्या सभ्यपणात माझा जीव चालला होता. मला फार भीती वाटायची.

एकविसाव्या दिवशी माझी एक दांडी बुडातून काळी पडली. तेव्हा पुनम जमिनीवरच बसली.

"आई, राग मानू नका. हिला माती सोसत नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मंजुळाबाईंनी आधी माझ्या बुडाची ठिबकची नळी ओढून काढली. मग म्हणाल्या, "मन्ह मन राखाले झाड मारत व्हती का?"

त्यांनीच कुंडी उपडी केली. एकेक मूळ बोटांनी चाचपून सडकी मुळं कात्रीनं कापली. टणक अशी तीनच निघाली. मला पुन्हा कोळशात बसवलं आणि ती माती तुळशीला घातली.

आता ऊन वाढतंय. दुपारी गॅलरीतला वारा भाजून काढतो. पुनमनं हिरवी जाळी बांधलीय, तरी मी निभावेन की नाही, मला सांगता येत नाही. काल मात्र दांडीच्या बुडाशी मोहरीएवढं हिरवं टोक आलं. नवं मूळ. ते पहिल्यांदा मंजुळाबाईंनीच पाहिलं.

आज सकाळी त्या तांब्या घेऊन आल्या. कोळशात बोट घालून पाहिलं, ओल होती. तांब्या तुळशीत रिता केला. तरी गेल्या नाहीत. त्या उघड्या टोकावर चिमूटभर माती सारायला त्यांचे हात शिवशिवत होते, मला दिसत होतं. त्यांनी ते हात पदरात गुंडाळून धरले.

तेवढे अजून महिनाभर धरून ठेवा, मंजुळाबाई.