उभ्या पायाची शीर

"पाय खालीच राहू दे त्याचा! फडकं अजून आवळतो मी!" शेहाता मामा माझ्यावर खेकसला.

"तू दाढ्या कर, मामा! इथे अक्कल नको पाजळू!" मी पण आवाज चढवला.

बाबा आमच्या दुकानात स्टुलावर बसलेले. डाव्या पायातून रक्ताची चिळकांडी. आमची इस्त्री पायाने चालते, जड लोखंडाची, उजव्या पायाने ढकलायची. उजवा दिवसभर फिरतो, डावा खांबासारखा उभा. त्यावरच्या जांभळ्या शिरा नुसत्या टरारलेल्या. आज खाजवता खाजवता एक फुटली.

मामा न्हावी. तुंबड्या लावून लोकांचं रक्त काढतो, म्हणून सगळी गल्ली त्याला डॉक्टर समजते. त्याने गुडघ्याखाली फडकं बांधलं. पण मी बघत होतो ना, तो आवळायचा तशी धार वाढायची!

मागच्या महिन्यात दवाखान्यात मागदा डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातावरची शीर खाली एका बोटाने दाबली, दुसऱ्या बोटाने वर पुसत नेली. वरचं बोट उचललं तरी शीर रिकामीच. "आत झडपा असतात रे. रक्त वर सोडतात, खाली येऊ देत नाहीत. पोटरी हलली की ते वर ढकललं जातं. तुझ्या बाबांची पोटरी हलतच नाही, झडपा गेल्यात. रक्त खाली साठतं. शीर फुटली तर आडवं करा, पाय वर, आणि दाबून धरा."

म्हणजे फडक्याने वरची वाटच बंद केलेली!

मी कात्रीने फडकं कापलं.

"मारशील त्याला, करम!" मामा अंगावर आला. मी कोपराने ढकलला त्याला. बाबांना जमिनीवर निजवलं, पाय गिऱ्हाइकांच्या लांब झग्यांच्या गठ्ठ्यावर टाकला, फुटल्या जागी अंगठा रोवला.

"अरे, ती वकिलाची गल्लाबिया आहे," बाबा पुटपुटले. "आत्ताच इस्त्री केलीय."

"घालेल लाल डागाची! गप पडा!"

किती वेळ दाबलं देव जाणे. हळूच अंगठा उचलला. थेंब नाही! हसू का रडू कळेना.

"शाळा सोडलेलं कार्टं मला शिकवतंय," मामा म्हणाला. पण माझा रक्ताळलेला हात त्यानेच पुसला, स्वतःच्या दुकानातल्या कोऱ्या टॉवेलने.

बाबांनी डोळे मिटले. "वर बरं वाटतंय रे पायाला," म्हणाले.

मामाने टुकटुक आणलीय, हॉर्न मारतोय. बाबांना दवाखान्यात न्यायचंय, पाय मलाच धरायचाय. निघतो.