साडीचोळीचा ठराव

खोटं कायले बोलू, मी जळत होती. केनवडच्या बाजाररस्त्यावर चौदा वर्सं ब्लाऊज शिवनं अन् भुवया कोरनं, दोन्ही माह्याच दुकानात व्हायचं. मंग नेपाळातून आलेली दिलमाया समोरच्या टपरीत पार्लर टाकून बसली, अन् सहा महिन्यांत गावच्या साऱ्या भुवया तिकडं गेल्या. माह्याकडं ब्लाऊज तेवढे राह्यले.

तेबी सोसलं असतं. पन माही पोरगी साधना, तिनं साखरपुड्याचा अंबाडा दिलमायाच्या हातून घालून घेतला. पाहुन्या बायका इचारत, केस कोनं बांधले वो? पोरगी हसून तिकडं बोट दाखवे. माय बाजूलेच ताटं वाढत उभी होती.

त्याच आठवड्यात कमलीबाई, विनोदची माय, साडीले फॉल लावाले आली. मी सुईत दोरा ओवता ओवता म्हनलं, "साऱ्याजनी तिच्यापाशी पळून राह्यल्या, पन हिच्याजवळ कागद तरी हायेत का?" कमलीबाई हसली, मीबी हसली. जिभेले काही हाड नसते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी भर दुपारी तीन पोरं टपरीत घुसले. पुढं विनोद, गावच्या तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाचा पुतन्या. "ए चिनी, कागद दाखव, नाई तं गाव सोड." आरसा फुटला. दोघांनी तिचे हात धरले अन् विनोदनं तिच्याच कातरीनं तिची वेनी मुळापासून कापली. मी समोर मशीनवर होती, सारं दिसत होतं. मी बाही जोडत राह्यली. मनात काय आलं तेबी सांगते. घाल म्हनलं आता अंबाडे. बरं वाटलं मले.

ठान्यातून जमादार आले. विनोदच्या घरी नाई गेले, पह्यले टपरीत गेले. "कागद दाखव," म्हने. तीन घंटे तिचे कागद पाह्यले, फोटो काढून वर धाडले, फोनवर इचारलं. कागद बरोबर निघाले. तक्रार मात्र लिहली नाई. "गावातलं गावात मिटवा," म्हने, अन् चहा पिऊन गेले. माहं बोलनं आधी विनोदच्या तोंडून आलं, मंग खाकीतून आलं. घरी साधनाले सांगलं, मी तवा भाजी घ्याले गेली होती.

तंटामुक्तीवाल्यांनी ठरवलं का विनोद पाया पडंल, गाव तिले साडीचोळी देऊन ओटी भरंल, अन् ती लिहून देईल का तक्रार नाई. आमच्याकडं भांडन असंच मिटवतात. ओटी घेतली का बाईनं परत तोंड उघडाचं नसते. समितीत बाई मी एकटीच, म्हनून ओटी मीच भराची, ब्लाऊजबी मीच शिवाचा. साडी पाह्यली तं मोरपंखी, जरीच्या काठाची. झालं, पुन्हा आग. चौदा वर्सं गावाचे ब्लाऊज शिवले, मले कोनं रुमाल देला नाई.

माप घ्याले गेली तं साधना तिथंच, दिलमायाच्या डोक्याले तेल लावून राह्यली होती. मी टेप काढला. "हात वर कर." उजवा हात खांद्यापर्यंतच आला. दंडावर बोटांचे निळे वळ होते. मी माप लिहत होती, तं ती हळूच म्हनाली, "दीदी, उस दिन सब लोग चुप हो गये थे. सिर्फ आपकी मशीन चल रही थी. मैं सुन रही थी."

साधनाचा हात थांबला. "माय, तू तं भाजी घ्याले गेली होती ना?"

मी टेप गुंडाळून निघाली.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत मानसं जमली. दिलमाया पाटावर बसली होती, डोक्यावर साधनाची ओढनी. जमादार खुर्चीत. अध्यक्षानं ठराव वाचला, "बोलाचालीत केस ओढले गेले. प्रत्यक्ष पाहणारे कोणी नाही." मंग मले म्हने, "भरा ज्योत्स्नाबाई ओटी."

मी सुपातले तांदूळ मुठीत घेतले. ते तिच्या पदरात पडले का संपलं सारं, विनोद मोकळा. तिनं ओढनीचा पदर पसरला होता. ओटी म्हंजे काय, हे तिले कोनं सांगलंबी नसंल.

"मी पाह्यलं," मी म्हनलं. "विनोदनं वेनी कापली. हात कोनी धरले तेबी सांगते. लिहा."

अध्यक्ष जवळ आला. "बाई, पोरीचं लग्न हाये घरी. लग्नाले गाव लागते."

"लागते. लिहा, जमादार."

साऱ्या गावादेखत जमादाराले पेन काढाच लागला. नावं लिहली, मंग म्हने, "अजून काही?"

"कागदाची गोष्ट मीच उठवली होती. अन् वेनी कापली तवा मले बरं वाटलं. तेबी लिहा."

"बरं वाटलं, हे जबाबात येत नसते, बाई."

दिलमाया उठली. साडीले तिनं हात लावला नाई, अन् माह्याकडं पाह्यलंबी नाई. ठान्यात तक्रार द्याले ती जमादाराच्या मांगं निघाली. संग साधना होती. दिलमायाचा तो दुखरा हात तिनं असा जपून धरला होता का पाह्यतच राह्यली मी. माह्या पोरीनं मले असं कधी धरलं नाई. तांदूळ अजून मुठीतच होते, अन् खोटं कायले बोलू, मी तवाबी जळत होती.