विकाऊ पलंग

बाजारपेठेत तळमजल्यावर फक्त दुकान चालेल, राहायचं नाही, असा नवा नियम निघाला. आईला जिना चढवत नव्हता, म्हणून शिंप्याने तिचा पलंग दुकानातच मांडला होता. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सख्ख्या भावाने तक्रार ठोकली.

तपासनीस दारात दिसताच शिंप्याने पलंगाला ‘विकणे आहे’ अशी चिठ्ठी डकवली.

“आणि या बाई?” त्याने पलंगावर जप करत बसलेल्या आईकडे बोट केलं.

“गिऱ्हाईक, साहेब. बसून बघतायत.”

भाऊ जिन्यावरून खेकसला, “विकाऊ ना? मग मी घेतला! उचला!”

आईचा जप थांबला.

“ने की रे मेल्या,” ती म्हणाली. “पण मी उठायची नाही. पलंगासकट मलाही ने, आणि सांभाळ.”

वरचं दार धाडकन लागलं.

तपासनीसाने कागदावर लिहिलं, ‘दुकान’.